विहीणबाईंकडे नोचे ब्वेना: ताटात काय काय असेल?

सुमन_डोंबिवली | २९ नोव्हेंबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

माझी सून फिलिपिनो आहे. लेक आणि ती दोघंही दुबईला नोकरी करतात. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं ते डोंबिवलीत, आपल्या पद्धतीने. तेव्हा तिच्या आईवडिलांना येता आलं नव्हतं. या नाताळात आम्ही दोघं तिच्या माहेरी चाललोय, बातांगास प्रांतातल्या लिपा शहरात. २४ तारखेच्या मध्यरात्री घरी मोठं जेवण असतं, त्याला 'नोचे ब्वेना' म्हणतात, एवढं सूनबाईने सांगितलंय. "आई, काळजी करू नका, खूप खायला असतं," म्हणाली. मला नेमकी त्याचीच काळजी आहे.

मी मासे, कोंबडी, अंडी खाते. डुक्कर आणि गाय नाही. ह्यांचंही तेच, शिवाय रात्री साडेआठनंतर ह्यांच्या पोटात काही गेलं तर दुसरा दिवस वाया. आता विहीणबाई वर्षाचा सण म्हणून चार दिवस राबणार, आणि आम्ही ताटात नुसता भात घेऊन बसणार, हे काही बरं दिसत नाही. तर त्या जेवणात काय काय असतं, त्यातलं आम्हाला काय चालेल, आणि जाताना काय घेऊन जावं? सूनबाईला खोदून विचारलं तर ती आईला फोन करून सगळा बेतच बदलायला लावेल. ते मला नकोय.

हळदकुंकू | २९ नोव्हेंबर, रात्री ९.२२

रुमाल टाकून ठेवते. विषयच भन्नाट आहे. फोटो टाकायला विसरू नका ताई.

मीनल_मकाती | २९ नोव्हेंबर, रात्री १०.४८

सुमनताई, मी नऊ वर्षं मनिलात राहतेय, त्यामुळे जरा लांबण लावते.

इथे सप्टेंबर लागला की मॉलमध्ये नाताळची गाणी सुरू होतात. हे गंमत म्हणून नाही सांगत, ज्या महिन्यांच्या शेवटी 'बर' येतं ते सगळे नाताळाचेच धरतात. खरी धामधूम १६ डिसेंबरपासून. नऊ दिवस पहाटे अंधारात चर्चला जायचं, त्याला 'सिम्बांग गाबी'. नऊच्या नऊ पहाटा केल्या की मनातली इच्छा पुरी होते म्हणतात. आपल्या काकड आरतीची आठवण येईल. आणि काकड्यानंतर जसा प्रसाद, तसं इथे चर्चच्या दारात बिबिंगका आणि पुतो बुंबोंग. बिबिंगका म्हणजे तांदळाच्या पिठाचा जाडसर केक. मातीच्या पसरट भांड्यात केळीचं पान घालून, खाली निखारे आणि वरच्या झाकणावरही निखारे ठेवून भाजतात. वर खारवलेल्या अंड्याच्या चकत्या आणि म्हशीच्या दुधाचं पांढरं चीज. पुतो बुंबोंग जांभळ्या रंगाचा, बांबूच्या नळीत वाफवलेला, वर लोणी, खोवलेलं खोबरं आणि काळसर साखर. सोबत 'सालाबात', म्हणजे आल्याचा काढा. हे सगळं तुम्हाला निर्धास्त चालेल. २४ च्या आधी पोचत असाल तर एक तरी पहाट उठाच.

आता मुख्य जेवण. टेबलावर साधारण हे असतं: हामोन (अननसाच्या रसात नि साखरेत मुरवलेलं डुकराचं मांस), केसो दे बोला (लाल मेणाच्या आवरणातला चीजचा गोळा), पानसित, गोड स्पगेटी, लुम्पिया, एखादा रस्सा, फ्रूट सॅलड, लेचे फ्लान (अंड्या-दुधाचं कस्टर्ड). ऐपत असेल तर लेचोन, म्हणजे अख्खं डुक्कर निखाऱ्यावर फिरवून भाजलेलं.

तुमच्यासाठी धोका लेचोनचा नाही. ते दिसतं. धोका न दिसणाऱ्याचा. लुम्पियाच्या सुरळीत डुकराचा खिमा. स्पगेटीत खिमा आणि लाल हॉटडॉगचे तुकडे. पानसितच्या शेवयांत बारीक काप. 'रेल्येनोंग मानोक' हाडं काढून भरलेली अख्खी कोंबडी असते, दिसायला कोंबडी, पोटात पुन्हा डुकराचा खिमा! एम्बुतिदो, मेनुदो हे तर डुकराचेच प्रकार. तेव्हा एक वाक्य पाठ करा: "वालांग बाबोय पो?" डुक्कर नाही ना? शेवटचा 'पो' विसरू नका, तो आपला 'हो-जी'तला 'जी' आहे. वडीलधाऱ्यांशी बोलताना तो लागतोच.

चिंगी | २९ नोव्हेंबर, रात्री ११.०५

कोंबडीच्या पोटात डुक्कर. आता डुकराच्या पोटात काय असतं तेही सांगून टाका.

खलाशी_मालवणचा | ३० नोव्हेंबर, सकाळी ६.३०

@चिंगी, गवती चहा. खरंच. सेबू बेटाकडचे लोक लेचोनच्या पोटात गवती चहाच्या जुड्या, लसूण, कांद्याची पात भरून दोऱ्याने शिवतात. मनिलाकडचे पोटात फार काही भरत नाहीत, वरून काळेजाचा दाट गोडसर सॉस ओततात. ह्या दोन पार्ट्यांचं भांडण मी जहाजावर तीस वर्षं ऐकलं. आमचा चीफ कुक सेबूचा आणि बोसन मनिलाचा. "चांगल्या लेचोनला सॉस लागत नाही," हे कुकचं वाक्य. बोसन सॉसची बाटली केबिनमधून स्वतःची घेऊन यायचा.

२४ डिसेंबरला भर समुद्रात, तेलाचा ड्रम उभा चिरून त्याची चूल करायची. पहाटेपासून एकेक जण पाळीने दांडा फिरवत बसणार. कातडी काचेसारखी कडक झाली पाहिजे, नखाने टकटक वाजली पाहिजे. आणि पहिली संपते ती कातडीच. आमच्या कॅप्टनला एकदा यायला उशीर झाला तर बिचाऱ्याला नुसतं मांस मिळालं, तो नवीन वर्षापर्यंत कुकशी धड बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेलं सगळं व्हिनेगर, लसूण, तमालपत्र आणि त्याच काळेजाच्या सॉसमध्ये शिजवतात. त्याला पाक्सिव म्हणतात. मला विचाराल तर ते लेचोनपेक्षा भारी. आदल्या दिवशीची कढी जशी दुसऱ्या दिवशी लागते तसं.

सुमनताई, तुमच्या कामाचं मी काहीच लिहिलं नाही, माफी असावी.

कटकट्या | ३० नोव्हेंबर, सकाळी १०.१५

यात पारंपरिक काय आहे? हॉटडॉग घातलेली स्पगेटी, डब्यातल्या फळांचं सॅलड, हॉलंडच्या पद्धतीचं चीज, स्पॅनिश नावाचं कस्टर्ड. स्पेनने तीनशे वर्षं राज्य केलं, मग अमेरिकेने डबे आणले, आणि आता त्यालाच परंपरा म्हणायचं. बिबिंगका सोडली तर यांचं स्वतःचं काही दिसत नाही.

मीनल_मकाती | ३० नोव्हेंबर, सकाळी ११.४०

कटकट्या, तुम्ही चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी खाता ना? त्यातला साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. देवाला चालतंय.

स्पगेटीचं म्हणाल तर ती इटालियन राहिलेलीच नाही. तिचा सॉस केळ्याच्या केचपचा असतो. हो, केळ्याच्या. मारिया ओरोसा नावाच्या अन्नशास्त्रज्ञ बाई होत्या, १८९३ साली जन्मलेल्या. अमेरिकेत सिअॅटलला शिकल्या आणि परत येऊन आपल्याकडे जे पिकतं त्यापासून टिकाऊ पदार्थ करायच्या मागे लागल्या. टोमॅटो इथे फार होत नाही, केळी उदंड. केळं, व्हिनेगर, साखर, मसाला, वरून लाल रंग, झाला केचप. युद्धात त्यांनी सोयाबीनची पूड आणि तांदळाच्या कोंड्याची बिस्किटं केली, ती जपान्यांच्या छावणीतल्या उपाशी कैद्यांपर्यंत चोरून पोचवली जायची. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्या मारल्या गेल्या. लोक सांगून सांगून दमले तरी शहर सोडलं नाही त्यांनी. त्या बाईंचा केचप ज्या स्पगेटीत आहे ती परकी कशी?

सुमनताई, त्या तुमच्या विहीणबाईंच्याच प्रांतातल्या, बातांगासमधल्या तालच्या. जेवताना विषय काढा, विहीणबाई खूश होतील.

हळदकुंकू | ३० नोव्हेंबर, दुपारी १२.०२

मीनल, साष्टांग. केळ्याच्या केचपला इथून पुढे हसणार नाही.

पणजीकार | ३० नोव्हेंबर, दुपारी ३.२०

बिबिंगका वाचून थबकलो. आमच्या गोव्यात बेबिंक. मैदा, नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर, तूप. एक थर भाजला की त्यावर दुसरा, असे सात तरी थर हवेत. आणि निखारे वरून! आमची आजी मातीच्या झाकणावर सोडणाची आग ठेवायची, एका बेबिंकमागे अख्खी दुपार जायची. चव आणि रूप वेगळं, पण नाव आणि वरची आग तीच. पोर्तुगीज गलबतांतून इकडून तिकडे गेलं की तिकडून इकडे आलं?

शोधयात्री | ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७.५५

पणजीकार, त्यावर अभ्यासक अजून भांडतायत, निकाल लागलेला नाही. मात्र भारताचं नातं पक्कं दाखवता येईल अशी दुसरी जागा आहे. टेबलावर 'आचारा' नावाची वाटी असेल, कच्च्या पपईचा कीस, गाजर, आलं, व्हिनेगर आणि साखर. हा शब्द आपल्या 'अचार'चाच भाऊ, मलायमार्गे गेलेला. सुमनताई, ते शुद्ध शाकाहारी असतं आणि सगळ्यासोबत चालतं.

दुसरं, कारे-कारे. शेंगदाण्याच्या दाट रश्शात बैलाची शेपटी, सोबत वांगी, चवळीच्या लांब शेंगा आणि केळफूल. १७६२ साली ब्रिटिशांनी मनिला घेतलं तेव्हा फौज मद्रासहून गेली होती. १७६४ मध्ये ब्रिटिश परतले, पण काही शिपाई मागेच राहिले आणि मनिलाजवळच्या काइंता गावात संसार थाटले. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. या शिपायांना घरच्या कढीची, म्हणजे तमिळ 'करी'ची, आठवण आली आणि हाताशी होतं त्यातून कारे-कारे झाली, अशी कथा सांगतात.

मीनल_मकाती | ३० नोव्हेंबर, रात्री ८.३०

कथा सांगतात, बरोबर. पण पाम्पांगाच्या लोकांसमोर सांगू नका. त्यांचा दावा आहे की कारे-कारे त्यांचीच, शिपाई-बिपाई सगळं नंतरचं. पाम्पांगा म्हणजे इथलं कोल्हापूर, स्वयंपाकाच्या बाबतीत ते कोणाचं ऐकून घेत नाहीत.

शोधयात्री | ३० नोव्हेंबर, रात्री ८.४१

मान्य. काइंताचे शिपाई हा इतिहास, कारे-कारेचं मूळ हा तर्क. आणखी एक, 'उबे हालाया' नावाचं जांभळं गोड असतं, ते म्हणजे उघडउघड आपला हलवा.

पणजीकार | ३० नोव्हेंबर, रात्री ९.१५

नाही हो. हालाया हा स्पॅनिश 'हालेआ'वरून, म्हणजे जेली. पोर्तुगीजमध्ये 'जेलेया'. शोधयात्रींची पहिली विकेट पडली.

हळदकुंकू | ३० नोव्हेंबर, रात्री ९.४०

शब्द कुठलाही असो, पण उबे म्हणजे काय माहितीये का? कोनफळ! आपलं उंधियूत घालतात ते जांभळं कोनफळ. एकच कंद. मी दोन वर्षं परदेशी दुकानातून उबेची पूड मागवून केक करत होते, आणि आमच्या वसईच्या बाजारात हिवाळाभर कोनफळाचे ढीग लागलेले. स्वतःचीच कीव आली.

चिंगी | ३० नोव्हेंबर, रात्री ९.४४

म्हणजे सासूबाई उपासाला जे उकडून देतात तेच कॅफेत साडेतीनशेला 'उबे लाटे' म्हणून पिऊन आले मी?

दावावचा_डॉक्टर | १ डिसेंबर, रात्री १२.३०

मी दक्षिण फिलिपिन्समधल्या दावावला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे, घर लातूरला. इथे आपल्याकडची पोरं भरपूर आहेत. मी पूर्ण शाकाहारी, त्यामुळे माझं दुःख तुमच्यापेक्षा मोठं.

पहिल्या नाताळात घरमालकीण तितांनी (इथे काकू-मावशी सगळ्यांना 'तिता') जेवायला बोलावलं. आधीच सांगितलं होतं, मी व्हेजिटेरियन. त्यांनी प्रेमाने वेगळी पानसित केली. त्यात कोंबडी होती. मी म्हटलं तिता, कोंबडी... त्या म्हणाल्या, हो, म्हणूनच डुक्कर नाही घातलं! दुसऱ्या वर्षी कोंबडी गेली, कोळंबी आली. तिसऱ्या वर्षी भाज्या, पण ऑयस्टर सॉस. यंदा काय होतं बघू, आम्ही दोघंही हार मानत नाही.

पानसित मात्र नाकारू नका. लांब शेवया म्हणजे लांब आयुष्य, त्या तोडत नाहीत.

गोडात मी राजा असतो. बिको म्हणजे चिकट भात, नारळाचं दूध आणि काळी साखर, वर नारळाच्या दुधाचा आटवून तळलेला चुरा. आमच्या इकडे बिसाया बोलतात, इथे 'पुतो माया' मिळतो, आल्याचा वास लागलेला चिकट भात, सोबत पिकलेला आंबा आणि 'सिक्वाते', म्हणजे कोकोच्या वड्या उकळून घुसळलेलं दाट चॉकलेट. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, हा तर नारळीभातच, फक्त तुम्ही लवंग विसरलात.

कटकट्या | १ डिसेंबर, सकाळी ९.००

साबुदाण्याचा मुद्दा मान्य. पण एवढ्या सगळ्याला खर्च किती येतो? सूनबाईंचं माहेर सामान्य घर असेल तर पाहुण्यांमुळे त्यांच्यावर ताण नको.

मीनल_मकाती | १ डिसेंबर, सकाळी ९.५०

नोव्हेंबर २०२५ मध्ये इथे नेमका तोच वाद पेटला. सरकारातल्या व्यापार खात्याने सांगितलं की चौघांच्या कुटुंबाचं नोचे ब्वेना ५०० पेसोत होऊ शकतं. तेव्हाचे आपले साधारण साडेसातशे रुपये. लोक इतके भडकले की विचारू नका. माझ्या घरी कामाला येणाऱ्या आते (मोठी बहीण, वयाने मोठ्या बाईला असंच हाक मारतात) म्हणाल्या, त्यात हामोनचा फोटो येईल. २०१९ पासून डुकरांच्या तापाची साथ आहे, तेव्हापासून मांस महागलंय. आमच्या आतेंच्या घरी स्पगेटी, ब्रेड, चीजचा एक तुकडा आणि फ्रूट सॅलड एवढंच असतं. पण ते रात्री बारालाच, आणि सगळे जागे राहून.

आणि कटकट्या, म्हणूनच डब्यातली फळं. परदेशात काम करणारं माणूस वर्षभर एका मोठ्या खोक्यात वस्तू साठवत असतं, साबण, चॉकलेट, डबे. 'बालिकबायान बॉक्स' म्हणतात त्याला. त्या खोक्यातला डबा नाताळाला फुटतो. त्यात फळं कसली आहेत हे कोणी बघत नाही.

स्नेहा_दुबई | १ डिसेंबर, दुपारी १.१०

मी नर्स आहे, आमच्या वॉर्डात निम्म्या मैत्रिणी फिलिपिनो. वरचा बॉक्सचा मुद्दा शंभर टक्के. माझी रूममेट फेब्रुवारीपासून पलंगाखाली खोकं भरते.

सुमनकाकू, खाण्याचं सगळ्यांनी सांगितलं, मी रीतभात सांगते. लहान मुलं येऊन तुमचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावतील. त्याला 'मानो' म्हणतात, आपल्या नमस्कारासारखं. हात मागे घेऊ नका, पहिल्यांदा मी दचकून घेतला होता. मानो झालं की मुलांना नाताळाचे पैसे द्यायचे. ५० आणि १०० पेसोच्या कोऱ्या नोटा बँकेतून घेऊन ठेवा. रांग लागेल!

जेवण चमच्या-काट्याने. पण हाताने जेवायची पद्धतही आहे, केळीच्या पानांवर सगळं मांडून. तुम्ही हाताने जेवलात तर त्यांना कौतुकच वाटेल.

आणि एक शब्द लक्षात ठेवा: 'बालाए'. म्हणजे विहीण किंवा व्याही! इंग्रजीत या नात्याला धड शब्द नाही, पण त्यांच्याकडे आहे. दारात शिरताना विहीणबाईंना "बालाए!" म्हणा आणि बघा.

खलाशी_मालवणचा | १ डिसेंबर, संध्याकाळी ५.००

आता कामाचं सांगतो. बातांगासचा एक पदार्थ आहे, 'सिनाइंग ना तुलिंगान'. तुलिंगान म्हणजे आपल्या गेदरीच्या जातीतला छोटा मासा. तो हाताने चपटा दाबतात, मीठ लावतात, मातीच्या भांड्यात तळाला वाळवलेलं कामियास घालून मंद आचेवर तासन् तास ठेवतात. कामियास म्हणजे बिंबलं! आपल्या परसातली आंबट बिंबलं. काटेसुद्धा मऊ होतात. तुम्हाला आमसुलाच्या माशाची आठवण नाही आली तर मला सांगा. सणाचा पदार्थ नाही, रोजचा आहे, पण सूनबाईच्या कानावर घाला.

सुमन_डोंबिवली | १ डिसेंबर, रात्री ८.३५

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. हे म्हणाले, प्रिंट काढून घे. न्यायला करंज्या, चकल्या आणि बेसनाचे लाडू ठरवलेत. पुरणपोळी राहील का टिकून?

चिंगी | १ डिसेंबर, रात्री ८.५०

पुरणपोळीला उकाडा मानवत नाही. करंजी चालेल. नव्या नोटा आठवणीने!

सुमन_डोंबिवली | २८ डिसेंबर, रात्री १०.२०

पोचलो परत. म्हटलं होतं तसं सविस्तर लिहिते.

दारातच मी "बालाए!" म्हटलं. स्नेहा, तुझे उपकार. विहीणबाई आधी थबकल्या, मग इतक्या जोरात हसल्या की शेजारची दोन घरं बाहेर आली. त्यांना इंग्रजी जेमतेम, मला त्यांची भाषा शून्य, पण त्या एका शब्दावर पहिला दिवस निघाला.

एका पहाटे चर्चला गेलो. चार वाजता रस्त्यावर जत्रा. बांबूच्या नळीतून जांभळा पुतो बुंबोंग फट्कन पानावर पडतो, त्यावर ओलं खोबरं. उकडीच्या मोदकाचं सारण नि पारी वेगवेगळी खाल्ल्यासारखं वाटलं. ह्यांनी दोन घेतले, पहाटे! साडेआठचा नियम रात्रीपुरता आहे म्हणे.

त्यांच्या जेवणाच्या खोलीत भिंतीवर हातभर लांबीचा लाकडी चमचा आणि काटा टांगलेला, मधे येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र. सूनबाई म्हणाली, हे प्रत्येक घरात असतं. २४ ला रात्री बारा वाजता फटाके, मिठ्या, आणि मग टेबल. मी न सांगताही सूनबाईने सांगून ठेवलेलंच होतं. प्रत्येक भांड्यावर कागदाची चिठ्ठी. काहींवर 'वालांग बाबोय', काहींवर डुकराचं चित्र. तिच्या आठ वर्षांच्या भाच्याने काढलेली चित्रं, एक डुक्कर तर चष्मा लावलेलं. कोळंबीची पानसित खास आमच्यासाठी. आणि बांगुस! सबंध मासा, कातडी न फाडता आतलं सगळं काढून, काटे वेचून, गाजर, मटार, मनुका घालून परत भरलेला. तीन मासे भरायला विहीणबाई नि त्यांची जाऊ पाच तास बसल्या होत्या. खलाशीभाऊ, तुलिंगानही होता, २६ ला सकाळी भाताबरोबर. आमसुलाचीच आठवण आली, तुम्ही जिंकलात. मासळीचं गुलाबी खारं वाटण (बागोओंग) मी चटणी समजून चमचाभर घेतलं. डोळ्यांत पाणी आलं, पण आपल्या जवळ्याचीच बहीण आहे ती. दुसऱ्या दिवशी मागून घेतली.

एक गोष्ट घडली. सगळ्या भांड्यांवर चिठ्ठ्या होत्या, पण लुम्पियाची थाळी टेबलावर नव्हती, ती पोरं हातात घेऊन घरभर फिरत होती. ह्यांनी पाच खाल्ल्या. "कोबीच्या असाव्यात, छान आहेत" म्हणाले. सूनबाईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघी गप्प बसलो. त्यानंतर हे पहाटे तीनपर्यंत कॅरिओकेवर किशोरकुमार म्हणत होते, पोटाला काही झालं नाही.

करंजी बघून विहीणबाई म्हणाल्या, एम्पानादा! त्यांच्याकडेही असाच आकार, तिखट सारणाची असते. गोड म्हटल्यावर पहिला घास संशयाने खाल्ला, मग डबा उचलून स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवला. चकल्या मुलांनी केळ्याच्या केचपमध्ये बुडवून संपवल्या. मारिया ओरोसांचं नाव काढलं तर व्याह्यांनी तालचं त्यांचं घराणं, युद्ध, सगळं अर्धा तास सांगितलं. सूनबाई भाषांतर करून थकली.

निघताना आमच्या हातात डबे. नको म्हटलं तर राग येतो, अगदी आपल्यासारखं.

स्नेहा_दुबई | २८ डिसेंबर, रात्री १०.३१

काकू, चष्मेवाल्या डुकराचा फोटो हवाच!

कटकट्या | २८ डिसेंबर, रात्री १०.५०

मोठे आहात, लुम्पियाबद्दल गप्प बसलात. आमच्या घरी हे दहा वर्षं ऐकवलं गेलं असतं.

दावावचा_डॉक्टर | २८ डिसेंबर, रात्री ११.४५

अपडेट: यंदा तितांनी भाजी-शेवया केल्या. ऑयस्टर सॉस नाही, मांस नाही. मी दोन ताटं खाल्ली. मग कळलं की भाजी परतली होती लेचोनच्या चरबीत. सामना सुरूच आहे. ३१ ला परत बोलावलंय, टेबलावर बारा प्रकारची गोल फळं मांडायची असतात, वर्षाच्या बारा महिन्यांची. फळांना कोणी चरबी लावणार नाही असं धरून चाललोय.

हळदकुंकू | २९ डिसेंबर, सकाळी ७.२०

सुमनताई, उबे हालाया केला होता का त्यांनी? प्रमाण विचारलंत?

सुमन_डोंबिवली | २९ डिसेंबर, सकाळी ८.०५

विचारलं तर. एक किलो कोनफळ सालासकट उकडून, सोलून, गरम असतानाच बारीक किसायचं. एका मोठ्या नारळाचं दाट दूध, आटवलेल्या दुधाचा एक डबा, शंभर ग्रॅम लोणी. मंद आचेवर ढवळत राहायचं, चमचा उभा राहीपर्यंत. त्यांनी हाताने खूण करून दाखवलं, दंड दुखला की झालं. मी चिमूटभर वेलची घालणार आहे, त्यांना सांगणार नाही.

डोंबिवलीत चांगलं जांभळं कोनफळ कुठे मिळेल? स्टेशनजवळ बघितलं तर आतून पांढरं निघालं.

चिंगी | २९ डिसेंबर, सकाळी ८.१२

उंधियूचं सामान विकणारा भाजीवाला शोधा ताई. आणि घेण्याआधी कोपरा कापून दाखवायला सांगा.